पेनकिलरची गोळी तीच, पण आठवडा कितवा?

सातवा महिना. कंबर भरून आलेली असते, रात्री कूस बदलायची म्हटलं तरी आधी मन घट्ट करावं लागतं. हाताशी एक स्ट्रिप असते. पाळीच्या दुखण्यावर वर्षानुवर्षं घेतलेली, ओळखीची, कधीच त्रास न दिलेली गोळी. एकच घ्यावी का?

या प्रश्नावर आजूबाजूने दोन उत्तरं येतात. एक म्हणजे, ‘काहीही घ्यायचं नाही, या दिवसांत सोसावंच लागतं.’ दुसरं, ‘अगं, साधी पेनकिलर तर आहे, काही होत नाही.’ दोन्ही उत्तरं मायेपोटीच दिलेली असतात आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिल्यामुळे भरपूर ताप अंगावर काढला जातो, आणि तो ताप बाळालाही बाधू शकतो. दुसऱ्यामुळे अशी गोळी पोटात जाते, जी त्या आठवड्यात दुखणं थांबवून गप्प बसत नाही.

गरोदरपणात औषधाचं नाव जितकं महत्त्वाचं, तितकाच आठवडा महत्त्वाचा. ‘ही गोळी चालते का?’ हा अर्धा प्रश्न झाला. कितव्या आठवड्यात, किती दिवस आणि कशासाठी, हे जोडलं की तो पूर्ण होतो. असं का, हे कळायला शरीरात थोडं आत शिरावं लागेल.

एका शब्दात तीन कुळं

‘पेनकिलर’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात एकमेकांशी फारसं नातं नसलेली तीन कुळं आहेत. पहिलं पॅरासिटॅमॉल. ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, सुजेवर मात्र फारसं चालत नाही. दुसरं कुळ सूज उतरवणाऱ्या औषधांचं: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, इंडोमेथासिन, आणि या सगळ्यांत जुनं ॲस्पिरिन. डॉक्टर यांना एनएसएआयडी म्हणतात, आपण ‘सूजविरोधी’ म्हणू. तिसरं कुळ अफूच्या जातकुळीतलं: ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिन. शस्त्रक्रियेनंतर किंवा फार मोठ्या दुखण्यात देतात ती.

या तिन्हींची एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे ही सगळी औषधं वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, बाळापर्यंत पोचतात. वार म्हणजे भक्कम भिंत, आईचं रक्त इकडे आणि बाळाचं तिकडे, अशी आपली समजूत असते. रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत हे खरं. पण मधला पडदा अगदी पातळ असतो आणि लहान रेणू तो सहज ओलांडतात. इन्शुलिन किंवा रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या हेपॅरिनसारखे मोठे रेणू अडतात, म्हणूनच गरोदरपणात ती औषधं बिनघोर देता येतात. पेनकिलरचे रेणू लहान असतात. आईने गोळी घेतली की थोड्याच वेळात ती बाळाच्याही रक्तात उतरते.

दुखणं हे एकच काम नसलेला पदार्थ

सूजविरोधी गोळ्या नेमकं काय करतात हे बराच काळ कोणालाच माहीत नव्हतं. ॲस्पिरिन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोक घेत होते. ते चालतं कसं, हे १९७१ मध्ये जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवलं, आणि १९८२ मध्ये त्यांना या विषयातल्या कामासाठी दोन स्वीडिश शास्त्रज्ञांच्या बरोबरीने नोबेल मिळालं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होतात. जिथे इजा होते तिथे ते सूज आणतात, दुखणं वाढवतात. ॲस्पिरिन हे पदार्थ तयारच होऊ देत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे मंडळीही तेच करतात.

इथवर सगळं छान आहे. अडचण अशी की प्रोस्टाग्लँडिन दुखवण्यापुरतंच जन्माला आलेलं नाही. जठराच्या आतल्या अस्तराला आम्लापासून तेच वाचवतं. मूत्रपिंडात जाणाऱ्या रक्तवाहिन्या तेच रुंद ठेवतं. गर्भाशयाचं तोंड मऊ करून कळा आणण्यात त्याचा मोठा हात असतो. म्हणूनच कळा आणण्यासाठी डॉक्टर प्रोस्टाग्लँडिनचंच जेल किंवा गोळी वापरतात. आणि बाळाच्या शरीरात ते अशी दोन कामं करतं, ज्यांची जन्मानंतर तशी गरज उरत नाही, पण जन्माआधी त्यांच्यावाचून निभत नाही.

गोळीला कंबर आणि बाळाचं हृदय यांतला फरक कळत नाही. ती सगळीकडचं प्रोस्टाग्लँडिन एकदम कमी करते.

हृदयाशेजारची आडवाट

ही मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट, म्हणून इथे जरा थांबते.

पोटातलं बाळ श्वासातून हवा घेत नाही. त्याची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात आणि त्यांतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. प्राणवायू येतो तो वारेतून, नाळेच्या वाटेने. मग हृदयाने सगळं रक्त फुप्फुसांकडे ढकलून काय उपयोग? आपल्यासारख्यांच्या शरीरात उजव्या बाजूने निघालेलं रक्त सगळंच्या सगळं फुप्फुसात जातं. बाळाच्या शरीरात मात्र फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीतून एक आखूड नळी फुटते आणि थेट महाधमनीला मिळते. बहुतेक रक्त फुप्फुसांना वगळून या आडवाटेने अंगभर जातं. वैद्यकात तिला डक्टस आर्टेरिओसस म्हणतात.

ही नळी साधी नाही. तिच्या भिंतीत स्नायू आहे आणि तो सतत आवळायला टपलेला असतो. त्याला सैल ठेवतात दोन गोष्टी: बाळाच्या रक्तातलं प्राणवायूचं कमी प्रमाण आणि प्रोस्टाग्लँडिन. ते मुख्यतः वारेतून येतं.

बाळ जन्मतं, पहिल्यांदा रडतं. फुप्फुसं फुलतात, रक्तातला प्राणवायू झपाट्याने वाढतो. त्याच सुमाराला वार सुटते आणि प्रोस्टाग्लँडिनचा पुरवठा थांबतो. दोन्ही दोऱ्या एकदम सुटल्यावर तो स्नायू आवळतो. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात ही वाट साधारण दोन-तीन दिवसांत बंद होते आणि पुढच्या काही आठवड्यांत तिची एक बारीक दोरी होऊन राहते. तुमच्या-माझ्या छातीत ती आजही आहे.

आता विचार करा, बाळ अजून पोटात आहे, ३२ वा आठवडा चालू आहे आणि आई चार दिवस डायक्लोफिनॅक घेते आहे. प्रोस्टाग्लँडिन कमी पडतं. जन्मानंतर बंद व्हायची वाट आधीच आकसू लागते. रक्ताला पुढे जायला जागा नाही आणि फुप्फुसांतल्या वाहिन्या तर आवळलेल्या. हृदयाच्या उजव्या भागावर ताण येतो, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या वाढलेल्या दाबाने जाड होऊ लागतात. असं बाळ जन्मल्यावर श्वास घेतं, पण त्या जाड झालेल्या वाहिन्यांमधून रक्त पुरेसं जात नाही आणि बाळ निळं पडू शकतं. ही तातडीची, गंभीर अवस्था असते.

आठवड्याचा मुद्दा इथे येतो. गरोदरपणाच्या पूर्वार्धात ही नळी प्रोस्टाग्लँडिन कमी झालं तरी सहसा दाद देत नाही. दिवस भरत जातात तशी ती अधिक हळवी होते. २७-२८ आठवड्यांआधी असा प्रकार क्वचित घडतो, ३२ व्या आठवड्याच्या पुढे धोका बराच वाढतो. म्हणून शेवटच्या तिमाहीत सूजविरोधी गोळ्या नकोत, हा नियम बऱ्याच आधीपासून जगभर आहे. आकसलेली नळी औषध लवकर थांबवलं तर पुष्कळदा पुन्हा उघडते, हेही सांगायला हवं.

गर्भजल येतं कुठून

सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाच्या भोवती काळे कप्पे दिसतात. ते पाणी. डॉक्टर माउसने एका कप्प्याच्या वरच्या टोकाला खूण करतात, खालच्या टोकाला दुसरी, आणि कोपऱ्यात आकडा उमटतो. पोटाचे चार भाग कल्पून प्रत्येकातला सगळ्यात खोल कप्पा असा मोजतात आणि बेरीज करतात. ही बेरीज ५ सेंटिमीटरच्या खाली गेली, किंवा सगळ्यात खोल एक कप्पासुद्धा २ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ‘पाणी कमी झालंय’ असं म्हणतात. हे वाक्य ऐकलं की आईच्या पोटात गोळा येतो. मग ‘तू पाणी कमी पितेस’ असं तिलाच सुनावलं जातं.

पण हे पाणी मुख्यतः बाळाची लघवी असते. ऐकायला विचित्र वाटलं तरी तसंच आहे. सुरुवातीच्या महिन्यांत ते आईच्या शरीरातून आणि पडद्यांमधून झिरपतं. पाचव्या महिन्याच्या सुमाराला बाळाची मूत्रपिंडं ती जबाबदारी उचलतात. बाळ पाणी गिळतं, लघवी करतं, पुन्हा गिळतं. या पाण्यात त्याला हातपाय हलवायला जागा मिळते आणि नाळ दबत नाही. हेच पाणी छातीत आत-बाहेर करून फुप्फुसं वाढतात. पाणी फार दिवस फार कमी राहिलं तर फुप्फुसं खुरटतात, सांधे आखडतात.

बाळाच्या मूत्रपिंडात रक्त पुरेसं पोचतं ते प्रोस्टाग्लँडिनने वाहिन्या रुंद ठेवल्यामुळे. ते कमी झालं की रक्त कमी, म्हणजे लघवी कमी, म्हणजे पाणी कमी. ही साखळी लक्षात आल्यावर २० व्या आठवड्याचा नियम पाठ करावा लागत नाही, तो आपोआप कळतो. त्याआधी पाण्याची भिस्त बाळाच्या मूत्रपिंडांवर फारशी नसते, त्यानंतर असते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ऑक्टोबर २०२० मध्ये हेच जाहीर केलं. आधीचा इशारा ३० आठवड्यांपासूनचा होता, तो २० वर आणला. २० ते ३० आठवड्यांच्या दरम्यान डॉक्टरांना गरज वाटलीच, तर कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस द्यावं, आणि ४८ तासांपेक्षा जास्त लागलं तर सोनोग्राफीने पाणी पाहावं, असं त्यात म्हटलं आहे. ब्रिटनच्या नियामकांनीही २०२३ मध्ये २० आठवड्यांनंतर हे औषध दिवसेंदिवस चालू ठेवू नये असा सल्ला दिला.

आता जी बाई हे वाचताना मनातल्या मनात मागचे दिवस मोजते आहे, तिच्यासाठी. नोंदवलेल्या प्रसंगांत पाणी कमी झालं ते बहुधा काही दिवस ते काही आठवडे औषध घेतल्यावर. ४८ तासांत झाल्याची उदाहरणं थोडी आहेत. औषध थांबवल्यावर पाणी बहुतेकदा पूर्ववत होतं, प्रत्येक वेळी होतंच असं मात्र नाही. तेव्हा चुकून एखादी गोळी घेतली गेली असेल तर रात्र रडून काढू नका. पुढची घेऊ नका, कधी आणि किती घेतली ते डॉक्टरांना सरळ सांगा. लपवू मात्र अजिबात नका. तुम्ही सांगितलं तरच ते पाणी तपासतील.

आईचं शरीरही बदललेलं असतं

बाळाची काळजी करताना आईचं स्वतःचं शरीर विसरलं जातं, याचं मला वाईट वाटतं. गरोदरपणात तिच्या रक्ताचं आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. मूत्रपिंडं सुमारे दीडपट वेगाने रक्त गाळू लागतात. त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, एरवीपेक्षा कमी होतं. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेला आकडा गरोदर बाईसाठी वाढलेला असू शकतो. आधीच ओव्हरटाइम करणाऱ्या या मूत्रपिंडांवर सूजविरोधी गोळ्यांचा भार पडला, तर अंगात पाणी साठतं, रक्तदाब वर सरकतो. ज्यांना आधीपासून बीपी किंवा किडनीचा त्रास आहे त्यांना तर हे फारच महागात पडतं.

जठराचं अस्तर उघडं पडून ॲसिडिटी, क्वचित अल्सर आणि रक्तस्राव होतो, हे कोणालाही होऊ शकतं. पण गरोदरपणात छातीत जळजळ रोजचीच असल्याने ‘हे असंच असतं’ म्हणून दुर्लक्ष होतं. दिवस भरत आल्यावर या गोळ्या घेतल्या तर कळा लांबू शकतात आणि रक्त गोठायला वेळ लागल्याने बाळंतपणात रक्तस्राव वाढू शकतो.

सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल थोडक्यात. गर्भ रुजण्यातही प्रोस्टाग्लँडिनचा भाग असतो. गर्भपाताशी या गोळ्यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, काहींत दिसलेला नाही. बीज फुटून बाहेर पडण्यातही हा पदार्थ लागतो, म्हणून मूल व्हावं यासाठी प्रयत्न चालू असताना रोज सूजविरोधी गोळी घेणाऱ्या बाईला डॉक्टर ती बदलायला सांगतात.

मग डॉक्टरच ॲस्पिरिन का देतात?

हा गोंधळ मी अनेकींच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. एकीकडे ‘पेनकिलर नको’ आणि दुसरीकडे तिसऱ्या महिन्यातच प्रिस्क्रिप्शनवर ॲस्पिरिन. घरचे घाबरतात आणि कोणीतरी ती गोळी परस्पर बंद करून टाकतं.

ती बंद करू नका. ही वेगळ्या मात्रेतली आणि वेगळ्या कामासाठीची गोळी आहे. डोकेदुखीवर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतात. इथे मात्रा ७५ ते १५० मिलिग्रॅम असते. एवढ्या लहान मात्रेत ते मुख्यतः रक्तातल्या प्लेटलेट्सना आवरतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे एकदा तिचं यंत्र बंद पडलं की तिच्या उरलेल्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात ती ते पुन्हा बनवू शकत नाही. रक्तवाहिन्यांच्या पेशी मात्र बनवू शकतात. म्हणून रक्त गोठवणारा, वाहिन्या आवळणारा पदार्थ घटतो आणि वाहिन्या सैल ठेवणारा टिकून राहतो. वारेतला रक्तप्रवाह सुधारायला याची मदत होते.

ज्यांना गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबाचा, म्हणजे प्रीएक्लॅम्पसियाचा धोका जास्त आहे, त्यांना याचा फार मोठा फायदा होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्री’ या चाचणीत धोका जास्त असलेल्या १,७७६ बायकांपैकी काहींना रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि बाकीच्यांना नुसतीच औषध नसलेली गोळी दिली. ३७ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागेल असा प्रीएक्लॅम्पसिया ॲस्पिरिनवाल्या गटात १.६ टक्के बायकांना झाला, दुसऱ्या गटात ४.३ टक्के. गोळी साधारण १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान सुरू केली तर उपयोग चांगला होतो. ती कधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतात. त्या चाचणीत ३६ व्या आठवड्यापर्यंत दिली होती. एफडीएच्या २०२० च्या इशाऱ्यातूनही ही लहान मात्रा वगळलेली आहे.

पॅरासिटॅमॉल: भरवशाचं, पण अमर्याद नव्हे

गरोदरपणात दुखण्यावर आणि तापावर पहिली पसंती पॅरासिटॅमॉललाच असते. सूजविरोधी गोळ्यांसारखं ते जठर, मूत्रपिंड आणि ती आडवाट यांतल्या प्रोस्टाग्लँडिनला फारसं रोखत नाही. आणि तापाला उतारा हवाच. गर्भधारणेनंतर चारेक आठवड्यांत बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी मिटून पूर्ण होते. त्या दिवसांत आईला जोराचा ताप राहिला तर ती नीट न मिटण्याचा धोका वाढतो. पुढच्या महिन्यांतही खूप ताप बाळाला चांगला नाही. तेव्हा अंगात ताप असताना ‘बाळासाठी’ म्हणून पॅरासिटॅमॉल न घेणं हे बाळाच्या हिताचं नाही.

त्याची मर्यादा यकृतात आहे. यकृत बहुतेक पॅरासिटॅमॉल निरुपद्रवी करून लघवीवाटे काढून टाकतं. थोड्या भागाचा मात्र एक विषारी पदार्थ बनतो. यकृतातलं ग्लुटाथायोन त्याला लगेच निकामी करतं. मात्रा जास्त झाली की ग्लुटाथायोन संपतं, विष मोकळं राहतं आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. गरोदरपणात हे बाळाच्या यकृतातही घडू शकतं, कारण चौथ्या महिन्याच्या सुमारास ते स्वतः औषधावर प्रक्रिया करू लागतं, म्हणजे तो विषारी पदार्थ तिथेही बनतो. ओव्हरडोसचा पहिला दिवस फसवा असतो. मळमळ होते, कधी काहीच होत नाही, आणि यकृत आतून बिघडत जातं. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम काम करतो आणि गरोदर बाईलाही देतात. जास्त गोळ्या घेतल्या गेल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

मोठ्या माणसासाठी २४ तासांतली वरची हद्द ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, आणि दोन मात्रांमध्ये निदान ४ तास. ही हद्द आहे, तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर हद्द आणखी खाली. चूक बहुधा एका जागी होते: तापाची गोळी वेगळी घेतली, सर्दीची वेगळी घेतली, आणि दोन्हीत पॅरासिटॅमॉल होतं. सर्दीच्या आणि ‘डबल ॲक्शन’ गोळ्यांत त्याच्या जोडीला आयबुप्रोफेन किंवा ॲसिक्लोफिनॅकही असू शकतं. म्हणून स्ट्रिपच्या पुढचं मोठं नाव सोडून मागची बारीक अक्षरं वाचायची. मोबाइलचा टॉर्च लावून वाचायची वेळ आली तरी वाचायची.

आणि ऑटिझम? सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातलं पॅरासिटॅमॉल आणि ऑटिझम यांचा संबंध जोडला, आणि जगभर गरोदर बायकांच्या मनात अपराधी भावना पेरली गेली. यामागे काय आहे ते शांतपणे पाहू. काही अभ्यासांत खरोखरच असं दिसलं होतं की पॅरासिटॅमॉल घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) किंचित जास्त आढळतं. पण कोणी पॅरासिटॅमॉल उगाच घेत नाही. मायग्रेन असतो, ताप असतो, संसर्ग असतो, कधी घराण्यातच चालत आलेलं काही असतं. फरक गोळीने पडला की ज्यासाठी गोळी घेतली त्याने पडला?

हे सोडवायचा एक चांगला मार्ग म्हणजे सख्ख्या भावंडांची तुलना. आई तीच, घर तेच. एका वेळी तिने पॅरासिटॅमॉल घेतलं, दुसऱ्या वेळी नाही. स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २४.८ लाख मुलांच्या नोंदी घेऊन असा अभ्यास झाला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या मुलांची ढोबळ तुलना केली तेव्हा छोटासा फरक दिसला. भावंडांची एकमेकांशी तुलना केली तेव्हा तो नाहीसा झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ च्या त्या घोषणेनंतर लगेच सांगितलं की असा संबंध ठामपणे दाखवणारा पुरावा नाही. तरीही रोज, आठवडेच्या आठवडे पॅरासिटॅमॉल लागत असेल तर ते डॉक्टरांना सांगायला हवं, कारण एवढं सतत दुखतंय म्हणजे त्या दुखण्याचाच शोध घ्यायला हवा.

अफूच्या जातीची औषधं

ट्रॅमाडॉल, कोडीन यांचा प्रश्न वेगळा. आईला बद्धकोष्ठ आणि गुंगी. शेवटच्या आठवड्यांत दीर्घकाळ घेतली तर बाळालाही सवय लागते आणि जन्मल्यावर पुरवठा तुटला की ते किंचाळून रडतं, थरथरतं, नीट पीत नाही. याला उपचार आहेत. पण दीर्घकाळ ही औषधं घेणाऱ्या बाईने दिवस गेल्याचं कळताच ती एकदम तोडू नयेत. आईच्या शरीराला बसलेला तो झटका बाळालाही बसतो. मात्रा हळूहळू कमी करायची की बदलायची, हे डॉक्टर पाहतात.

जे दुखणं दाबू नये

मलम आणि जेलबद्दल नेहमी विचारलं जातं. डायक्लोफिनॅकचं जेल त्वचेतून रक्तात जातं ते गोळीच्या मानाने खूप कमी, पण अजिबात जात नाही असं नाही. मोठ्या भागावर, दिवसातून अनेकदा, वर गरम शेक घेऊन चोळलं तर प्रमाण वाढतं. शेवटच्या तिमाहीत तेही टाळलेलं बरं. नुसता कोमट शेक, कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी, ओटीपोटाला आधार देणारा पट्टा, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम यांनी कंबरदुखीत खरोखर फरक पडतो. मायग्रेनच्या गोळ्यांत अर्गोटामिन असेल तर ती मात्र गरोदरपणात कधीच नाही. त्याने गर्भाशय आणि रक्तवाहिन्या दोन्ही आवळतात.

आणि काही दुखणी अशी असतात की त्यांच्यावर गोळी घेऊन झोपून जाणं हाच धोका असतो. २० आठवड्यांनंतर डोकं भयंकर दुखतंय, पॅरासिटॅमॉलने उतरत नाही, डोळ्यांसमोर चमकतंय, बरगड्यांखाली उजवीकडे दुखतंय, चेहरा आणि हात एकदम सुजलेत: हा प्रीएक्लॅम्पसिया असू शकतो. बरगड्यांखालचं ते दुखणं हमखास ‘ॲसिडिटी’ म्हणून सोडून दिलं जातं. लगेच बीपी मोजायचं, रात्र असली तरी. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ठराविक अंतराने येणारं पोटातलं आणि कमरेतलं दुखणं म्हणजे वेळेआधीच्या कळा असू शकतात. यांतल्या कुठल्याही वेळी गोळीच्या आधी डॉक्टरांना फोन.

वेळेआधीच्या कळांवरून आठवलं. इंडोमेथासिन हे या सूजविरोधी कुळातलं जोरकस औषध. ३२ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर त्या थोडा वेळ रोखायला डॉक्टर कधी कधी तेच देतात, साधारण ४८ तास, पाण्यावर नजर ठेवून, म्हणजे बाळाची फुप्फुसं पक्व करणारं इंजेक्शन काम करेपर्यंत वेळ मिळतो. गर्भजल प्रमाणाबाहेर वाढलं असेल तर ते कमी करायलाही ते वापरलं गेलं आहे. आणि फार लवकर जन्मलेल्या बाळात ती आडवाट आपणहून मिटत नाही, रक्त उलट फुप्फुसांत शिरून ती ओली होऊ लागतात, तेव्हा काचेच्या पेटीतल्या त्या किलो-सव्वा किलोच्या जिवाला शिरेतून आयबुप्रोफेन किंवा इंडोमेथासिन देतात, वाट बंद करण्यासाठीच.

बाळंतपणानंतर, पूर्ण दिवसांचं बाळ कुशीत असताना, गर्भाशय आकसून पोटात कळ येते. त्या वेळी पोटाचा, किडनीचा किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर नर्स जी गोळी हातावर ठेवते ती पुष्कळदा आयबुप्रोफेनचीच असते. दुधात ते फार थोडं उतरतं आणि अंगावर पाजणाऱ्या आईला चालतं. नर्स गोळी देते, पाण्याचा ग्लास पुढे करते आणि पुढची सहा तासांनी म्हणून तक्त्यावर वेळ लिहून ठेवते.